फाशांच्या बेसबॉलसाठी खेळाडूंची कार्डं स्वतः कशी बनवायची

अमेरिकन बेसबॉलचा गाजलेला फटकेबाज बेब रूथने १९२७ साली न्यूयॉर्क यांकीजकडून ६० होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले. त्या हंगामात तो ६९१ वेळा बॅट घेऊन उभा राहिला, म्हणजे शंभर वेळांमागे साधारण ८.७ होमरन. फासे टाकून कार्डांवर खेळायच्या बेसबॉलसाठी त्याचं कार्ड बनवायचं तर कार्डावरच्या जागांपैकी ८.७ टक्के जागा होमरनला दिल्या की काम झालं, असं कोणालाही वाटेल. पण तसं केलं तर टेबलावरचा रूथ पूर्ण हंगामात ३३-३४ होमरनवर अडकतो. कारण निम्म्या वेळा फासे त्याच्या कार्डाकडे बघतच नाहीत, समोरच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या कार्डाकडे बघतात. कार्ड बनवायला बसलेला नवखा माणूस पहिल्यांदा इथेच अडखळतो, म्हणून या लेखातली सगळ्यात जास्त जागा मी याच हिशेबाला देणार आहे.

आधी खेळाची रचना

फासे आणि कार्डं यांवर चालणाऱ्या बेसबॉलमध्ये दोन नावं जुनी आणि मोठी आहेत. एपीबीए १९५१ साली बाजारात आला. त्यात दोन फासे टाकतात, एकाचा आकडा दशकाचा आणि दुसऱ्याचा एककाचा धरतात. त्यामुळे ११ ते ६६ असे ३६ निकाल मिळतात आणि प्रत्येकाची शक्यता सारखीच असते. तिथे मुख्य भार बॅटरच्या कार्डावर असतो, पिचरला ए, बी, सी, डी अशी श्रेणी असते. हॅल रिचमन यांचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ चा. त्यात तीन फासे. एक फासा रकाना ठरवतो: १, २, ३ आले तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४, ५, ६ आले तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज, २ ते १२, त्या रकान्यातली ओळ ठरवते.

आपण ही दुसरी रचना धरून चालू. खेळाडूच्या आकड्यांशी जवळीक साधायला ती सोयीची आहे, आणि एकदा तिचा हिशेब समजला की दुसऱ्या कोणत्याही खेळाचं कार्ड उलगडायला वेळ लागत नाही. एक मात्र स्पष्ट करतो. पुढची पद्धत कोणत्याही कंपनीचं अधिकृत सूत्र नाही. साध्या संभाव्यतेतून निघणारा हिशेब आहे, आणि घरच्या खेळाला तो पुरून उरतो.

दोन फाशांची बेरीज सारख्या शक्यतेने येत नाही, हे आपल्याला माहीत असतं. कार्ड बनवताना ते पाठच करावं लागतं. ३६ पैकी २ एकदाच येतो, ३ दोनदा, ४ तीनदा, ५ चारदा, ६ पाचदा, ७ सहा वेळा, आणि पुढे उतरत्या क्रमाने ८ पाचदा ते १२ एकदा. एका रकान्यात ३६ शक्यता, तीन रकान्यांत १०८. बॅटरच्या कार्डावर १०८ आणि पिचरच्या कार्डावर १०८, मिळून २१६. हा १०८ आकडा पुढे सतत लागणार आहे.

आकडे कुठून आणायचे, कोणते आणायचे

मेजर लीगसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलसाठी, अडचण नाही. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर हंगामवार सगळं मिळतं, लाहमन डेटाबेस फुकट उतरवून घेता येतो, आणि प्रत्येक चेंडूनंतर काय घडलं इतक्या खोलात जायचं असेल तर रेट्रोशीट आहे. बॅटरसाठी सिंगल, डबल, ट्रिपल (फटक्यावर मिळालेले एक, दोन, तीन बेस), होमरन, वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस), चेंडू अंगावर लागून मिळालेला बेस आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) एवढं हवं. सिंगल बहुतेक तक्त्यांत वेगळं दिलेलं नसतं. एकूण हिटमधून बाकीचे वजा करा. रूथच्या १९२ हिटमधून २९ डबल, ८ ट्रिपल आणि ६० होमरन गेले की ९५ सिंगल उरतात.

भागाकार कशाने करायचा, इथे लक्ष हवं. बॅटिंग सरासरी म्हणजे हिट भागिले ‘ॲट बॅट’, आणि त्यात वॉक धरत नाहीत. क्रिकेटच्या सरासरीची सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. कार्डावर मात्र वॉकलाही जागा लागते, म्हणून भाजक ‘प्लेट अपिअरन्स’ हवा; पुढे त्याला मी खेप म्हणतो. रूथचे ॲट बॅट ५४०, वॉक १३७ आणि सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन धावपटूला पुढे नेणं) १४, मिळून ६९१ खेपा. (रूथ आणि १४ सॅक्रिफाइस? ते सगळे बंट, म्हणजे चेंडू नुसता थोपवून जवळच टाकणं, नव्हेत. त्या वर्षांच्या नियमात धावपटूला पुढे नेणारा उंच फटकाही त्याच रकान्यात मोजत.)

जितके आकडे खेळाडूचे, तितकेच त्या वर्षीच्या त्याच्या लीगचेही घ्या. हे टाळलं तर पुढचं सगळं व्यर्थ. मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल आणि अमेरिकन. १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती. १९६८ मध्ये अमेरिकन लीगचा बॅटिंग विजेता कार्ल यास्त्रेम्स्की .३०१ वर जिंकला. एका वर्षी जी सरासरी साधारण खेळाडूची, तीच दुसऱ्या वर्षी विजेत्याची. लीग न बघता बनवलेली या दोघांची कार्डं एकाच टेबलावर ठेवली तर त्या स्पर्धेला काही अर्थ उरत नाही.

हिशेब

तत्त्व सोपं आहे. टेबलावर येणारा निकाल म्हणजे बॅटरचं कार्ड आणि पिचरचं कार्ड यांची सरासरी. हंगामभरात रूथसमोर येणारे पिचर एकूण धरले तर लीगच्या सरासरीचे, म्हणजे त्यांच्या कार्डांवरचं प्रमाण लीगच्या प्रमाणाइतकं. मग रूथच्या कार्डाने उरलेला सगळा फरक भरून काढायचा:

कार्डावरच्या शक्यता = (२ × खेळाडूचं प्रमाण − लीगचं प्रमाण) × १०८

आता होमरन. रूथचं प्रमाण ८.६८ टक्के. त्या वर्षी अख्ख्या अमेरिकन लीगने ४३९ होमरन मारले, त्यातले ६० एकट्याचे. लीगचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास पडतं. दुप्पट केले १७.३६, त्यातून १ वजा, राहिले १६.३६ टक्के. गुणिले १०८ म्हणजे १७.७ शक्यता. ताळा करून बघा: रूथच्या कार्डावरचे १७.७ आणि सरासरी पिचरच्या कार्डावरचे १.१, बेरीज १८.८. भागिले २१६, गुणिले ६९१, उत्तर ६० च्या जवळ.

बाकीच्यासाठी लीगची प्रमाणं मी उदाहरणापुरती गोल करून घेतो: वॉक ८ टक्के, स्ट्राइकआउट ७, सिंगल १९, डबल ४.५, ट्रिपल १.२. तुम्ही कार्ड बनवताना त्या वर्षीचे खरे आकडे भरा. रूथचे वॉक १९.८ टक्के, त्यावरून ३४.२ शक्यता. ८९ स्ट्राइकआउटवरून २०.३. सिंगल ९.२, डबल ४.२, ट्रिपल १.२. होमरन धरून या सगळ्यांची बेरीज ८६.८, म्हणजे १०८ पैकी साध्या आउटसाठी फक्त २१ च्या आसपास जागा उरते. सिंगलचा आकडा बघून दचकू नका. सिंगलमध्ये रूथ लीगच्या सरासरीपेक्षा बराच खाली होता. चेंडू मैदानाबाहेर जायचा, नाहीतर रूथ चालत पहिल्या बेसवर जायचा, नाहीतर बॅट हवेत फिरायची. कार्डाने हे दाखवलंच पाहिजे, आणि या सूत्रातून ते आपोआप उतरतं.

हे सगळं स्प्रेडशीटमध्ये एकदाच मांडा. वर लीगची ओळ, खाली खेळाडू, शेजारी सूत्र. पहिलं कार्ड हातानेच करावं असं मी सांगेन, म्हणजे कुठला आकडा कुठून आला हे कळतं. दुसऱ्यापासून मशिनला करू द्या.

जागा भरताना

१७.७ शक्यता कार्डावर बसवायच्या कशा? पहिल्या रकान्यात ७ ची ओळ घेतली तर ६ शक्यता जातात, ६ ची घेतली तर ५. दुसऱ्या रकान्यातली ८ ची ओळ ५. झाल्या १६. उरल्या १.७. तिसऱ्या रकान्यातल्या ११ च्या ओळीत २ शक्यता असतात. तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा असं लिहा: १ ते १७ होमरन, १८ ते २० डबल. दोनाचे सतरा-विसांश म्हणजे नेमके १.७. उरलेले ०.३ डबलच्या खात्यातून वजा करायला विसरू नका.

अपूर्णांकाची ही जागा एका निकालाला एकदाच वापरा. प्रत्येक ओळीत वीस बाजूंचा फासा घातला तर कार्ड अचूक होतं, पण खेळ रखडतो आणि समोरचा वैतागतो. वॉकचे ३४.२ मी सरळ ३४ करतो. दशांशाच्या मागे धावण्यात फारसं काही हाती लागत नाही.

कोणता निकाल कोणत्या रकान्यात, याने शक्यतेत तसूभरही फरक पडत नाही. फरक पडतो तो खेळण्याच्या मजेत. ठळक निकाल मधल्या ओळींवर ठेवले की बॅटरचा रकाना लागताच दोघेही पुढे सरसावतात. एखाद्या खेळाडूचा पहिला रकाना भरघोस आणि तिसरा कोरडाठाक ठेवला तर त्याचा स्वभाव कार्डातही जाणवतो. इथे तुमच्या हाताची चव उतरू द्या.

आउटच्या जागांमध्येही थोडा विचार हवा. जमिनीवरचा, हवेतला आणि सरळ रेषेतला असे तीन प्रकार पाडा आणि जमिनीवरच्यांपैकी काही डबल प्लेचे (एका फटक्यावर दोघे बाद) ठेवा. संथ पायांच्या खेळाडूला डबल प्ले जास्त, चपळाला कमी. मात्र डबल प्लेला बळी पडल्याची नोंद नॅशनल लीगमध्ये १९३३ पासून आणि अमेरिकन लीगमध्ये १९३९ पासून आहे. त्याआधीच्या खेळाडूंसाठी त्यांच्या वेगावरून अंदाज बांधावा लागतो, आणि त्यात गैर काही नाही.

सूत्र कुठे फसतं

दुबळ्या बॅटरच्या बाबतीत पहिल्यांदा. हंगामात एकही होमरन नसलेल्या खेळाडूचं प्रमाण शून्य, त्यातून लीगचं वजा केलं की उत्तर ऋण येतं. कार्डावर ऋण जागा नसते, म्हणून शून्य लिहिता. पण पिचरच्या कार्डावरचे होमरन त्याला मिळतच राहतात. यावर उपाय खुणेचा. अशा खेळाडूच्या कार्डावर ‘कमजोर’ अशी खूण करा आणि नियम ठेवा की पिचरच्या कार्डावरचा होमरन त्याच्यासाठी सिंगल होईल. मग तेवढे सिंगल त्याच्या स्वतःच्या कार्डातून कमी करा. उलट टोकाला, सगळ्या निकालांची बेरीज १०८ च्या वर गेली तर आकडा कुठेतरी चुकीचा उतरवला आहे असं समजून आधी तेच तपासा.

दुसरं, मोजक्या खेपांचे खेळाडू. जॉन पॅसिओरेक १९६३ मध्ये ह्यूस्टनकडून मेजर लीगचा एकच सामना खेळला: तीन ॲट बॅटमध्ये तीन हिट आणि दोन वॉक. पुन्हा कधी मेजर लीगमध्ये उतरला नाही. त्याचं कार्ड आकड्यांप्रमाणे बनवलं तर तो कधी आउटच होणार नाही. अशा वेळी त्याच्या खऱ्या खेपांमध्ये लीगच्या सरासरीच्या २०० खेपा मिसळा आणि मग सूत्र लावा. पॅसिओरेक सरासरीपेक्षा थोडासा बरा निघेल, आणि पाच खेपांवरून त्याहून जास्त म्हणताही येत नाही. २०० हा माझा अंदाज आहे. स्ट्राइकआउटचं प्रमाण लवकर स्थिर होतं, तिथे कमी मिसळलं तरी चालतं. सिंगलमध्ये नशिबाचा भाग मोठा, तिथे सढळ हाताने जास्त मिसळावं.

नीग्रो लीगच्या, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या असलेल्या लीगच्या खेळाडूंची कार्डं बनवणाऱ्यांना ही मिसळ फार उपयोगी पडते. मे २०२४ मध्ये मेजर लीगने त्यांचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले आणि जॉश गिब्सनची कारकिर्दीची सरासरी .३७२ टाय कॉबच्या .३६७ च्या पुढे गेली. पण तिथले हंगाम छोटे होते आणि सगळ्या सामन्यांच्या नोंदी उपलब्ध नाहीत. एका हंगामाऐवजी गिब्सनची तीन-चार वर्षं एकत्र करून कार्ड केलं तर ते जास्त भरवशाचं होतं. माझ्या मते स्वतः कार्ड बनवण्याचं खरं सुख अशाच खेळाडूंमध्ये आहे. रूथचं कार्ड तर विकतही मिळतं.

तिसरी अडचण मैदानाची. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून जवळजवळ १६०० मीटर उंच आहे, हवा विरळ, चेंडू लांब जातो. तिथे घरचे सामने खेळणाऱ्या कोलोरॅडो संघाच्या बॅटरच्या आकड्यांत हे आधीच मिसळलेलं असतं. तुमच्या खेळात मैदानाचा वेगळा नियम असेल आणि कार्डही कच्च्या आकड्यांवरून केलं असेल, तर मैदानाचा फायदा दोनदा मोजला जातो. एकतर मैदानाचा नियम काढून टाका, नाहीतर खेळाडूचे घरचे आणि बाहेरचे आकडे बघून कार्डातून तेवढा भाग कमी करा. सुरुवातीला पहिला मार्ग धरा.

डावखुऱ्या आणि उजव्या पिचरसमोर वेगळे आकडे देणारं दुहेरी कार्ड मोहात पाडतं. पहिला पूर्ण संघ तयार होईपर्यंत तिकडे जाऊ नका.

पिचर आणि क्षेत्ररक्षण

पिचरला सूत्र तेच, फक्त भाजक म्हणजे त्याने सामना केलेले बॅटर. बॉब गिब्सनने १९६८ मध्ये ११६१ बॅटरना चेंडू टाकले, २६८ स्ट्राइकआउट केले आणि फक्त ११ होमरन दिले. लीगचे स्ट्राइकआउट अंदाजे १६ टक्के धरले तर त्याच्या कार्डावर ३२.६ शक्यता स्ट्राइकआउटच्या. होमरनचं लीग प्रमाण १.५ टक्के धरलं तर उत्तर ०.४: सहाव्या रकान्यातल्या १२ च्या ओळीत, वीस बाजूंच्या फाशावर १ ते ८. एवढंच. त्याचा १.१२ ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा) कार्डावर कुठेही लिहावा लागत नाही. तो त्या जागांमधूनच यायला हवा. (पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, यावरून १९६८ मध्ये पिचरांनी बॅटरना किती छळलं असेल ते कळतं.)

पिचरने किती डबल आणि ट्रिपल दिले हे जुन्या हंगामांत सहज सापडत नाही. लीगमध्ये होमरन सोडून उरलेल्या हिटमध्ये डबलचा वाटा किती, तोच त्यालाही लावा.

क्षेत्ररक्षकांसाठी पिचरच्या कार्डावर साधारण ३० शक्यता राखून ठेवाव्या लागतात. शॉर्टस्टॉपला ७, सेकंड बेसला ६, थर्ड बेस, सेंटर फील्ड आणि कॅचरला प्रत्येकी ३, बाकी चौघांना प्रत्येकी २ अशी वाटणी चांगली चालते. ही ओळ लागली की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्या जागेवरचा खेळाडू किती चांगला आहे त्यावरून हिट की आउट ठरवायचं. यात एक चकवा आहे. या ३० पैकी सरासरी क्षेत्ररक्षकाकडून समजा ६ हिट सुटतात, तर ते ६ पिचरच्या कार्डावरच्या हिटमधून वजा केलेच पाहिजेत. हे राहून गेलं की सगळ्या पिचरांची धुलाई होते आणि दोष फाशांना दिला जातो.

क्षेत्ररक्षकाला १ ते ५ अशी श्रेणी द्या, १ उत्तम. ती ठरवताना फक्त चुका मोजू नका. चेंडूपर्यंत पोचतच नाही त्याच्या हातून चूकही होत नाही. चुकांसाठी वेगळा आकडा ठेवा. १३ वेळा गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवणाऱ्या ऑझी स्मिथला १ देताना कोणी वाद घालणार नाही. डेरेक जीटरला काय द्यायचं यावर मात्र मित्रांमध्ये हमखास जुंपते, कारण पाच गोल्ड ग्लव्ह एकीकडे आणि आकडेशास्त्रज्ञांची मोजमापं दुसरीकडे.

बेस चोरण्यासाठी, म्हणजे फटका नसतानाच पुढच्या बेसवर पळण्यासाठी, दोन गोष्टी हव्यात: खेळाडू किती वेळा पळतो आणि पळाल्यावर किती वेळा वाचतो. रिकी हेंडरसन १९८२ मध्ये १३० वेळा यशस्वी झाला, ४२ वेळा पकडला गेला. यश ७५.६ टक्के, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १ ते १५. पण केवळ यशाचा आकडा लिहिला तर हंगामात तीनदा पळून तीनदा वाचलेला एखादा जाडजूड कॅचर हेंडरसनहून भारी ठरतो. म्हणून पळण्याची परवानगी कधी, हेही कार्डावर लिहा.

तपासणी, मग छपाई

कार्ड छापण्याआधी स्प्रेडशीटमध्ये त्याला लीगच्या सरासरी पिचरसमोर उभं करा. दोन्ही कार्डांवरच्या शक्यतांची बेरीज भागिले २१६, गुणिले खऱ्या खेपा. प्रत्येक निकाल खऱ्या आकड्याच्या एक-दोन इकडेतिकडे आला पाहिजे. नाही आला तर चूक बहुधा अपूर्णांकाच्या ओळीत किंवा सिंगलच्या वजाबाकीत सापडते.

टेबलावर मात्र एवढ्या नेमकेपणाची अपेक्षा ठेवू नका. ६९१ खेपांमध्ये रूथच्या होमरनचं स्वाभाविक प्रमाण विचलन, म्हणजे नशिबाने होणारा नेहमीचा चढउतार, सात-साडेसात आहे. तुमच्या हंगामात त्याने ५३ मारले किंवा ६७ मारले तरी कार्ड बरोबरच आहे. दहा सामन्यांत एकच होमरन बघून कार्ड दुरुस्त करायला घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचं कार्ड कधीच तयार होत नाही.

छपाईत फार काही नाही. ६३ बाय ८८ मिलिमीटरचं कार्ड ठेवलं तर ए-फोर कागदावर नऊ बसतात आणि तयार प्लास्टिकची पाकिटंही त्या मापात मिळतात. कागद २५० ते ३०० जीएसएमचा घ्या. छापताना आकार शंभर टक्के ठेवा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळी कार्डं दोन-तीन मिलिमीटर लहान होतात आणि पाकिटात खुळखुळतात. आकडे ठळक, निकाल साधे, होमरन आणि वॉक दुरूनही ओळखू येतील असे. संघाची बोधचिन्हं आणि छायाचित्रं स्वतःच्या टेबलापुरती वापरणं वेगळं आणि कार्डं विकायला काढणं वेगळं. विकायचा विचार असेल तर ती वगळा, आणि दुसऱ्या कंपनीच्या कार्डांची मांडणी जशीच्या तशी उचलू नका.

मागच्या बाजूला हंगाम, लीग, खेपांची संख्या आणि लीगची कोणती प्रमाणं वापरली ते बारीक अक्षरात लिहा, शेजारी आवृत्तीचा क्रमांक. सहा महिन्यांनी एखादं कार्ड दुरुस्त केलं की जुन्या पाकिटातलं कोणतं बदलायचं, हे त्या ओळीवरूनच कळतं.